हिरवे आकडे

“स्टेलान, तुझ्या गाडीचे मागचे दिवे बंद आहेत. आणि आतही काळोखच आहे सगळा, डॅशबोर्डवर एकसुद्धा दिवा लागलेला नाही,” इल्वा म्हणाली आणि माझा जीव भांड्यात पडला. दुपारची कॉफी अजून व्हायची होती, पण बाहेर मिट्ट काळोख होता, आमच्या या उत्तरेकडे नोव्हेंबरात असतो तसा. इल्वा गावातलं दुकान चालवते, पोस्टाची पार्सलंही तिच्याकडेच येतात. शेवटचं पोतं गाडीत ठेवायला ती डाव्या खिडकीतून कमरेपर्यंत आत वाकली होती. इथे सगळ्यांचं स्टिअरिंग डावीकडे. आम्हा टपालवाल्यांचं तेवढं उजवीकडे, म्हणजे रस्त्याकडेच्या पेट्यांमध्ये बसल्या जागेवरून हात घालता येतो. त्यामुळे सगळं आयुष्य मी इतरांच्या उलट्या बाजूला बसून काढलं आहे, आणि माझ्याशी बोलायला येणारी माणसं नेहमी पलीकडच्या खिडकीतून डोकावतात.

“असा आलास तरी कसा? मागून लाकडाचा ट्रक आला असता तर चेंदामेंदा झाला असता तुझा,” ती म्हणाली. मग म्हणाली, “हसतोस काय?”

“काही नाही. कधीपासून बंद असतील गं?”

“मला काय विचारतोस? गाडी तुझी. तुझ्या नाकासमोर आहे सगळं.”

एवढं बोलली आणि थबकली. तिचा हात खिडकीच्या काचेवर तसाच राहिला. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, “टोर्डकडे ने. आत्ताच ने. चारही इंडिकेटर लावून हळूहळू जा. टपाल काय, उद्या पोचेल.” टपाल उद्या पोचेल असं या गावात मला कधी कोणी म्हटलेलं नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं आणि मी ते बाजूला सारलं. त्या क्षणी मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. दिवे खरोखर बंद होते. ते दुसऱ्या कोणालातरी बंद दिसले होते.

गाडी बिघडली म्हणून आनंद झालेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी इंडिकेटर लावले आणि टक-टक, टक-टक करत दुकानासमोरून निघालो तेव्हा मला चक्क शीळ घालावीशी वाटत होती. कारण ऑगस्टपासून मी एकट्याने जे पोटात घेऊन फिरत होतो, ते आता गाडीचं निघालं होतं, माझं नव्हे. आमच्याकडे उन्हाळाभर दिव्यांचं काम पडत नाही. जूनमध्ये रात्रीची जेवणं झाल्यावरही अंगणात बसून पेपर वाचता येतो. त्या उजेडात काय काय बिघडत गेलं हे कोणाला कळणार? मग ऑगस्टात संध्याकाळी पुन्हा काळोख पडायला लागला, मी दिवे लावले, आणि डॅशबोर्डवरचे हिरवे आकडे मंद झालेले दिसले. जुन्या पितळेवर चढतं तसं काळपट पुट चढलं होतं त्यांच्यावर. वेगाचा काटा कुठे आहे ते समजायला मला मान तिरकी करावी लागायची. बल्ब जुने झाले, मी म्हटलं. पंधरा हिवाळे खाल्लेली गाडी आहे, बल्ब जुने व्हायचेच. मी टोर्डकडे गेलो. टोर्ड आणि मी शाळेत एका बाकावर होतो. पुलापलीकडे त्याचं गॅरेज आहे, आणि गाडीतलं विजेचं काम त्याच्यासारखं करणारा इथे दुसरा कोणी नाही. त्याने डॅशबोर्ड उघडला, बल्ब बदलले, खाचा घासून पुसून घेतल्या. “झालं,” म्हणाला. मी बसून पाहिलं. काही फरक नव्हता. “वा! एकदम नव्यासारखे,” मी म्हणालो. का म्हणालो? त्याने दुपार घालवली होती माझ्यासाठी. तोंडावर कसं सांगायचं की उपयोग झाला नाही?

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा झाडांची पानं झडून गेली होती. या खेपेला टोर्डने काहीच उघडलं नाही. तो माझ्या सीटवर बसला आणि स्वतःचं जाकीट डोक्यावरून घेऊन स्टिअरिंगवर वाकला. दिवसाउजेडी डॅशबोर्डचे दिवे असेच तपासतात, जाकिटाच्या आत काळोख करून. बराच वेळ तो आत होता. जाड पाठ, वर चढलेला स्वेटर, कमरेचा पांढरा पट्टा उघडा पडलेला, आणि आत तो काय पाहतोय याची वाट बघत मी बाहेर उभा. बाहेर आल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. उजेड कमी-जास्त करायचं चाक पूर्ण वर फिरवलं, म्हणाला, “आता बघ.” मी त्याचं जाकीट डोक्यावर घेतलं. तेलाचा, तंबाखूचा आणि ओल्या लोकरीचा वास होता आत. समोर आकड्यांच्या जागी राखेचा एक डाग होता आणि डागाच्या कडेकडेने थोडं हिरवं झिरपत होतं. मी तिथे जरुरीपेक्षा जास्त वेळ बसलो, कारण बाहेर आल्यावर काहीतरी बोलावं लागणार होतं. “छान झालं,” मी म्हणालो. टोर्डने श्वास आत ओढला. आमच्याकडे ‘हो’ म्हणायला तोंड उघडावं लागत नाही. ओठांमधून हवा आत घेतली की झालं, परका माणूस समजतो की याला दचकल्यासारखं झालं. त्या दिवशी त्या आत ओढलेल्या हवेतच सगळं बोलणं झालं. त्याने पाहिलं होतं, दिवे ठणठणीत होते. आणि मला कळलं होतं की त्याला कळलं आहे. त्यानंतर मी त्याच्याकडे गेलो नाही. गाडीत बिघाड नसेल तर गॅरेजमध्ये जाऊन करायचं काय?

पुढचे सगळे आठवडे मी कानांवर आणि पायांवर गाडी चालवली. इंजिनाचा आवाज कोणत्या सुरात आला की वेग किती, हे मला पक्कं ठाऊक होतं. रस्ता तर पोटातच होता: गिरणीच्या वळणावर खाली पडणारं पोट, मग चढ, मग शेतांवरून येणारा आडवा वारा, मग वाटेच्या तोंडाशी एका फळीवर ओळीने ठोकलेल्या पेट्या. डॅशबोर्डकडे मी बघायचंच सोडलं. तिथे जे दिसत नाही ते माझ्यामुळे दिसत नाही, हे एकदा मान्य केल्यावर बघायचं कशाला? डॉक्टरकडे जायचा प्रश्नच नव्हता. इथे डॉक्टरला असलं काही आढळलं की तो लायसन्सवाल्यांना कळवतो, त्याच्यावर तसं बंधन आहे. लायसन्स गेलं की टपालाची फेरी जाणार. फेरी गेली की घर. आमचं घर तळ्याच्या पार टोकाला, तिथे बस येत नाही, आणि सिव, माझी बायको, गाडी चालवायला कधी शिकली नाही. तिला गरजच पडली नाही, मी होतो. तिची बहीण शहरात दंतवैद्याच्या दवाखान्यावरच्या खोल्यांमध्ये राहायला गेली तेव्हा आम्ही बघायला गेलो होतो. खिडकीतून पार्किंग दिसत होतं. परत येताना सिव म्हणाली, “मला आपल्या घरातून फक्त आडवी बाहेर काढायची हं, स्टेलान.” मी म्हटलं, बरं. हसत हसत म्हटलं होतं, पण ते वचन होतं. ऑगस्टपासून तिच्याकडे पाहताना मला त्या पार्किंगची आठवण येत होती.

आणि आता हे! पुलाकडे जाताना मी मनातल्या मनात सगळा खटला पुन्हा उभा केला, आणि काय सांगू, वकील झालो असतो तर नाव काढलं असतं. वायर कुठेतरी सुटलेली असणार. कधी लागते, कधी सुटते. टोर्डने जाकीट घेऊन पाहिलं तेव्हा नेमकी लागली असेल, मी वाकलो तेव्हा सुटली असेल. असं होतंच. दातदुखीसुद्धा दवाखान्याच्या दारात थांबते. मग टपालाची गडबड? सोपं आहे. गाडीत काळोख, वरचा छोटा दिवा मिणमिणता, पाकिटं चुकीच्या पेटीत जाणारच. ऑक्टोबरात एकदा परत येताना मी म्हाताऱ्या फोल्केला पेट्यांपाशी पाहिलं होतं. एका पेटीतून पाकीट काढून तो दुसरीत टाकत होता. माझी गाडी दिसली तसा पेटीचं झाकण पुसायला लागला, जणू काही धूळ बसली होती. दुसऱ्या दिवशी गिरणीपाशी दोघी बायका हातातली पाकिटं अदलाबदल करताना दिसल्या, मला पाहून हवेबद्दल बोलायला लागल्या. सगळी वाटच माझ्या चुका निस्तरत होती. एकानेही तक्रार केली नाही, कारण तक्रार केली की ती वर जाते. एकानेही मला विचारलं नाही, कारण दुसऱ्याच्या दुखण्याला हात लावायचा नसतो, असं आम्ही सगळे लहानपणापासून शिकलो. त्या लोकांचा मला राग आला होता. आपल्याला सांभाळून घेतलं जातंय हे कळण्यासारखं वाईट काही नाही. पण आता त्याचाही हिशेब लागत होता. दोष गाडीतल्या दिव्याचा. बर्फात रस्त्याची कड कळावी म्हणून रोवलेली काठी मी गेल्या आठवड्यात मोडली होती, धप्प आवाज आला आणि खाली उतरून मी चाकांपाशी हातांनी चाचपलं होतं, कोणाचं तरी लेकरू असेल म्हणून. तीसुद्धा त्याच चिंतेमुळे. माणसाचं लक्ष डॅशबोर्डमध्ये अडकलं की काठीच मोडणार. सकाळी कॉफी कपाबाहेर जाते, चीजचे तुकडे बशीत पडतात, तेही मन थाऱ्यावर नसल्यामुळे. सगळं कसं जागच्या जागी बसत गेलं. एक गोष्ट तेवढी राहिली. भर दुपारी, स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलेल्या सिवच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं की चेहरा जातो. तिचं तोंड बघायचं तर मला तिच्या कानाकडे बघावं लागतं. मी तो मुद्दा बाजूला ठेवला.

आईची आठवण आलीच शेवटी. ती येणारच होती, मी तिला दाराबाहेर उभी करून ठेवली होती इतकंच. आई म्हणायची, वीज कंपनी पातळ वीज पाठवते. दुधात पाणी घालावं तसं हे लोक विजेत काहीतरी घालतात, असं तिचं ठाम मत होतं. बाबा बिचारे मोठा बल्ब आणायचे, मग त्याहून मोठा. शेवटी दिव्याची कागदी टोपी जळाली आणि घरभर वास सुटला. “आता?” बाबा विचारायचे. “आता थोडं बरं आहे,” आई म्हणायची. मी तेव्हा शाळेत होतो आणि मला ते दोघं विनोदी वाटायचे. संध्याकाळी मी तिची नक्कल करून दाखवायचो, टेबलावर हात फिरवत चमचा शोधण्याची. तीसुद्धा हसायची. नंतर ती कपाच्या काठात बोट अडकवून कॉफी ओतायला लागली, बोटाला चटका बसला की थांबायची. दिवसभर खिडकीशी बसायची, पण तोंड खोलीकडे करून. ती खूप वर्षं जगली त्यानंतर, तेच वाईट झालं. पण आईचं आणि माझं सारखं नव्हतं, हे आता सिद्ध झालं होतं. आईची वीज चांगली होती. माझी वायर खराब होती. पुलावरच्या लोखंडी सांध्यांवरून चाकं गेली, खड्ड-खड्ड झालं, आणि मी मोठ्याने म्हणालो, “माझी वायर खराब आहे!” गाडीत कोणी नव्हतं म्हणून बरं.

टोर्डने दार सरकवलं आणि मी गाडी आत घेतली. आत नळीचे पांढरे दिवे भणभणत होते.

“इल्वा म्हणते, दिवे गेलेत,” मी खाली उतरत म्हणालो.

“इल्वा म्हणते?” टोर्डने विचारलं.

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो गाडीला फेरी मारून आला. “मागे ठार काळोख. नंबरप्लेटचाही गेलाय.” मग आत वाकून पाहिलं. “आतलेही.” मी त्याच्या मागे मागे फिरत होतो. त्याने डाव्या बाजूला, पाय ठेवायच्या जागेवरची फ्यूजची पेटी उघडली, एक फ्यूज काढून उजेडात धरला. जळला होता. नवा लावला, तर तो लगेच ‘टप’ झाला. टोर्डच्या तोंडावर थोडं समाधान आलं. खरा बिघाड सापडला की त्याला बरं वाटतं.

“शॉर्ट आहे कुठेतरी,” तो म्हणाला. “मागचे दिवे, नंबरप्लेट आणि डॅशबोर्ड, तिघांचा फ्यूज एकच. एकाने माती खाल्ली की तिघंही जातात.”

“म्हणजे डॅशबोर्डचा स्वतःचा काही दोष नाही?”

“डॅशबोर्ड ठणठणीत आहे रे.”

“मागून कुठूनतरी येतंय हे.”

“मागूनच.” त्याने डिकी उघडली. वरच्या बिजागरीपाशी एक रबरी नळी होती, ती त्याने बोटांनी मागे ओढली आणि बॅटरीच्या उजेडात बघत राहिला. “ही बघ. दिवसभर डिकी उघडायची, लावायची, उघडायची, लावायची. वायर बिजागरीत मुडपून मुडपून मोडली. आतलं तांबं उघडं पडून पत्र्याला टेकतंय. तुम्हा टपालवाल्यांच्या गाड्यांना हे होतंच.”

मी हसलो. खूपच हसलो असेन, कारण टोर्डने मान वळवली. मी बोलतच सुटलो होतो. सिवला फोन करू का, तिला सांगू का, असं म्हणालो. मग म्हणालो, नको, घरी जाऊनच सांगतो. गुरुवार आहे, म्हणजे दर गुरुवारसारखं वाटाण्याचं सूप असेल, तू पण ये. टोर्ड, तू जेवायला ये आमच्याकडे, किती दिवसांत आला नाहीस, तुला वाटाण्याच्या सूपनंतरचे पॅनकेक आवडतात. तो वायरची टोकं सोलत होता. मग मी ते विचारलं. विचारायची गरज नव्हती, हातात आलेलं होतं तेवढ्यावर गप्प बसता आलं असतं. पण मला ते त्याच्या तोंडून हवं होतं.

“म्हणजे ऑगस्टपासून हेच असणार. कधी लागायचे, कधी जायचे. तू पाहिलंस तेव्हा नेमके लागले असतील. हो ना?”

टोर्डने वायरला डाग द्यायला घेतला. कथील वितळल्याचा वास आला, धुराची एक बारीक रेघ वर गेली असावी. मग त्याने श्वास आत ओढला. तो ‘हो’ होता की धूर नाकात जाऊ नये म्हणून घेतलेला नुसता श्वास, हे तपासायला मी थांबलो नाही. “तेच म्हणतो मी!” मी म्हणालो आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्याने जोडावर काळी टेप गुंडाळली, रबरी नळी पुन्हा चढवली, डिकी एक-दोनदा वरखाली करून पाहिली. “बस आत,” तो म्हणाला. मी माझ्या सीटवर बसलो. त्याने भिंतीवरचं बटण दाबलं, नळीचे दिवे विझले आणि गॅरेजमध्ये काळोख झाला. तो चाचपडत डाव्या दारातून आत आला, गुडघ्यांवर बसून फ्यूजच्या पेटीत वाकला, छोटी बॅटरी त्याच्या दातांत होती. तिचा उजेड खाली, त्याच्या मनगटांवर. “दिव्यांचं बटण पहिल्या खटक्यावर ठेव, पुढचे मोठे दिवे नकोत,” बॅटरीमुळे बोबड्या झालेल्या आवाजात म्हणाला. मी ठेवलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर पाहिलं. मला भीती वाटत नव्हती, हे मला आजही आठवतं. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दाराकडे पाठ करून उभा होतो आणि मागे कुजबूज झाली, सिव आली म्हणून, तेव्हाही असंच वाटलं होतं. वळून पाहायच्या आधीच मला ती दिसली होती.

आणि आकडे आले. आधी शून्य, मग वीस, चाळीस, साठ. एकदम नव्हे, एकामागून एक, तव्यावर चरबी विरघळत पसरावी तसा उजेड डावीकडून उजवीकडे पसरत गेला. हिरवे. किती हिरवे होते ते! मी विसरलोच होतो की साठचा आकडा बाकीच्यांपेक्षा थोडा जाड आहे. काटा नारिंगी, टोकाशी निमुळता, शून्याच्या खाली टेकून बसलेला. बाजूला पेट्रोलच्या पंपाचं लहानसं चित्र, त्याची नळीसुद्धा दिसत होती मला. घड्याळाच्या काचेवर एक जुना चरा आहे, मी विसरलेला, तोही दिसला.

“आले!” मी म्हणालो. “टोर्ड, आले! अरे, काय लख्ख आहेत. नव्या गाडीत नसतात असे. साठ बघ, ऐंशी बघ. चरासुद्धा दिसतोय घड्याळावरचा. टोर्ड, मी तुला सांगतो, मी घाबरलो होतो. मी कोणाला बोललो नाही, सिवलाही नाही. मला वाटलं होतं, माझं आईसारखं झालं. रोज गाडी काढताना मला वाटायचं, आज मी कोणाचंतरी लेकरू मारणार. तुला सांगतो, रोज. आणि सगळं एका तुटक्या वायरीमुळे! बघ ना वर, किती छान लागलेत. अरे बघ तर!”

टोर्ड वर आला नाही. बॅटरी त्याने तोंडातून काढली होती, तिचा उजेड आता जमिनीवर कुठेतरी पडला होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, आत जाणारा आणि बाहेर येणारा, दोन्ही. मग त्याने माझा हात स्टिअरिंगवरून उचलला. शाळेपासून एकत्र आहोत, पण त्याने माझा हात असा कधी धरला नव्हता. माझी मूठ उघडली आणि तळव्यावर काहीतरी ठेवलं. बोटांनी मला लगेच कळलं. गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळता, आणि लांबीवर धातूची एक पातळ पट्टी.

“फ्यूज अजून लावला नाहीये, स्टेलान,” तो म्हणाला. “माझ्या हातातच होता.”

मी समोर पाहिलं. साठचा आकडा अजून तिथे होता. जाड, हिरवा. मी त्याच्याकडे बघत राहिलो, आणि मी बघतोय हे त्याला कळल्यासारखा तो विरत गेला, मग ऐंशी, मग काटा. खोटं बोलताना पकडलं गेलं तर माणूस काहीतरी सांगू शकतो, हसण्यावारी नेऊ शकतो. टोर्डला आधी दोनदा मी खोटं सांगितलं होतं आणि त्याने दोनदा ते चालवून घेतलं होतं. पण या खेपेला मी खोटं बोललो नव्हतो. मी पाहिलं होतं. आता मला दिसलेल्या कशावरच मी कधी विश्वास ठेवू शकणार नव्हतो, रस्त्यावर नाही, घरात नाही, सिवच्या तोंडावरही नाही.

“लाव,” मी म्हणालो.

त्याने माझ्या तळव्यावरून फ्यूज उचलला. खाली बारीकसा आवाज झाला, खाचेत बसल्याचा. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला बाजूच्या आरशात मागची भिंत तांबडी झालेली जाणवली. टोर्डच्या गालावर एका बाजूने हिरवट उजेड पडला होता, तो मला दिसला, त्याच्या दाढीचे खुंटही दिसले, कारण मी त्याच्याकडे बघत नव्हतो. मी समोर बघत होतो. समोर राखेचा डाग होता. मी पुढे वाकलो, कपाळ आकड्यांवरच्या काचेला टेकेपर्यंत वाकलो. काच थंड होती.

“आता लागलेत,” टोर्ड म्हणाला.

“मघाचे जास्त चांगले होते,” मी म्हणालो.

तो हसला नाही. मी स्टिअरिंगवर वाकलेला होतो आणि तो पलीकडे गुडघ्यांवर. मागे पोत्यांमध्ये लोकांचं टपाल पडलेलं होतं. सिवने आतापर्यंत सूप मंद आचेवर ठेवलं असेल, खिडकीशी येऊन रस्त्याकडे पाहिलं असेल. मग टोर्डने माझ्यासमोरून हात लांब केला. मी त्याला अडवलं नाही. बटण बंद झाल्याचा ‘टक्’ असा आवाज आला, त्यावरून मला कळलं की दिवे विझले.